पेटी आपोआप सुरू होते

फोनचा पडदा विझत आला, की लुयांदोची आई अंगठ्याने तो पुन्हा उजळवत होती. चोमा गावातल्या पिठाच्या चक्कीवर वीज येण्याची वाट पाहणाऱ्या रांगेत तिची शेजारीण चूल्वे मागेच बसली होती. चूल्वे म्हणाली,

"लेकाचा फोन यायचाय?"

"आता कशाला येईल? पूर्वी वीज गेली-आली की अंडी उबवायच्या पेटीचा छोटा कॉम्प्युटर हाताने सुरू करावा लागे. लुयांदो लुसाका शहरातून फोनवर एकेक अक्षर सांगायचा, मी ते टाइप करायची."

"आणि तू मुद्दाम चुकायचीस!"

"चुकायची की. हसायचा पोरगा. मागच्या खेपेला घरी आला तेव्हा त्याने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी लिहून ठेवलं. आता वीज आली की सगळं आपोआप सुरू होतं."

"बरंच झालं की गं."

"पिल्लांचं झालं."

"मग सांग ना त्याला."

"कधीपासून म्हणतेय, सांगेन."

तिने फोन कानाला लावला.

"लुयांदो, बिघडलं काही नाही रे. ते आपोआप सुरू होणं तेवढं काढून टाक."