मडक्यांवर न उमटलेली बोटं

कुर्रर्र… ओलं बोट काचेवरून ओढलं की होतो, तो आवाज. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, याच दालनात, एका मुलाने तो काढला आणि मी खुर्चीवरून ताडकन उठलो. ते मूल आता बाप झालं असेल, पण आवाज अजून कानात आहे.

अरेच्चा! संबोधनच राहिलं. तिकीट खिडकीतल्या ताईंनी कालच बजावलं होतं, “आबा, आधी मान्यवर, मग आठवणी.” तर, या निरोप समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, आमच्या संग्रहालयाच्या संचालिका बाईसाहेब, माझ्यासारख्याकरता एवढा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, माझे सहकारी, दारावरचे मामा, आणि दुसऱ्या रांगेत अवघडून बसलेले माझे चिरंजीव व सूनबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बाईसाहेबांनी आत्ता मानपत्र वाचलं. भाषा फार गोड आहे. त्यातल्या एका वाक्याला तुम्ही कडकडून टाळ्या वाजवल्यात: “यांच्या कारकिर्दीत या दालनातील एकाही मृत्पात्रावर बालकाचे बोट उमटले नाही.” टाळ्या थांबेपर्यंत मी बुटांकडे बघत होतो. तुम्हाला वाटलं असेल, काय हा विनय! विनय कसला हो. लाज वाटत होती.

मी या जुन्या मडक्यांच्या दालनाचा पहारेकरी. काम काय, तर हात मागे बांधून फेऱ्या घालायच्या आणि कुणी काचेजवळ आलं की आवाज चढवायचा. काही काचा अशा, की नुसता धक्का लागला तरी सरकायच्या. दालन रिकामं असलं की मी शाळेतल्या कविता म्हणायचो, गुरुजींनी बाकावर पट्टी आपटत पाठ करून घेतलेल्या. मडकी उत्तम श्रोते. जांभई देत नाहीत, मध्येच उठून जात नाहीत. असे श्रोते आज किती वक्त्यांच्या नशिबी असतात? … ताई, हसा, हसा. चहा निवतोय हे मलाही दिसतंय.

तर, गेल्या सुट्टीत चिरंजीवांनी मोठ्या शहराची सहल काढली. माझी नात, घरात तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही, तिला तिथलं मुलांचं संग्रहालय बघायचं होतं. फिरवा, ओढा, दाबा, खेळा, तसलं. गाडीतच तिने जाहीर केलं, “आबा, मी वर्गात सांगितलंय, माझे आबा म्युझियमवाले आहेत. तुम्हीच मला दाखवायचं हं. बाबांना काही कळत नाही.” चिरंजीव, क्षमा असावी, शब्द तुमच्या कन्येचे आहेत. पण माझी छाती किती फुगली म्हणून सांगू!

आत गेलो तर गलका! ज्या खुर्चीत बसली तीच दोरी ओढून वर चढवणारी मुलं. पाण्याच्या लांबलचक टेबलावर फळ्या लावून धरणं बांधणारी मुलं, बाह्या कोपरापर्यंत निथळताहेत. एक भिंत अशी, की आपण बाजूला झालो तरी आपली सावली तिथेच चिकटून राहायची. मी त्या सावलीपुढे हरवून उभा. भिंगरी कोट ओढतेय, “आबा, हात पुढे करा ना! हे दाबा!”

माझे हात पाठीमागे. “तू दाब, मी बघतो.”

“इथे नुसतं बघायचं नसतं, आबा!”

शेवटच्या खोलीत मडकी होती. फुटक्या मडक्यांचे तुकडे टेबलावर पसरलेले, मुलांनी ते जुळवायचे. मुलांसाठीच भाजलेली आणि मुद्दाम फोडलेली नवी मडकी. तशी पाटीही होती. मी ती वाचली नाही. पाट्या दुसऱ्यांनी वाचायच्या असतात, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलेलं. एका चार-पाच वर्षांच्या मुलाने मडक्याच्या गळ्याचा तुकडा उचलला आणि टेबलावर टकटक वाजवून बघितला. आणि माझ्या तोंडून या दालनातला आवाज बाहेर पडला. “ठेव खाली! हात लावायचा नाही!” नुसता आवाज नव्हे, मी त्याचं मनगट धरलं. सकाळपासून मागे बांधलेले हात सुटले, ते एवढ्यासाठी.

ते मूल लगेच रडलं नाही. त्याने तुकडा जपून खाली ठेवला, आणि मोकळा हात पाठीमागे नेला. थेट माझ्यासारखा. मग रडलं.

त्याची आई धावत आली. “काका, आधी त्याचा हात सोडा.” तिथे काम करणारी एक मुलगी मऊ आवाजात म्हणाली, “आजोबा, इथे हात लावायचाच असतो.” आणि आजूबाजूला बघून तिने विचारलं, “यांच्याबरोबर कोण आलंय?”

टेबलापलीकडे भिंगरी होती, दोन्ही हातांत तुकडे. तिने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या तुकड्यांकडे. म्हणाली, “मला माहीत नाही.”

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर तिने एकच विचारलं, “आबा, तुमच्या म्युझियममध्ये तुम्ही सगळ्या मुलांना असंच करता?” मी म्हणालो, “कामच असतं ते, बाळ.” ती पांघरूण ओढून भिंतीकडे वळली. तेव्हापासून ती माझ्याशी विचारल्यापुरतं बोलते. पुढच्या रांगेतली ही रिकामी खुर्ची तिची. सूनबाईंनी सांगितलं, तिचा अभ्यास राहिलाय. सूनबाई, तुम्ही माझं मन राखलंत. पण पलीकडच्या खोलीतलं मला ऐकू आलं होतं: “मी नाही येणार. तिथे ते परत ओरडतील.”

जुन्या वस्तू जपायला नकोत, असं मी कसं म्हणेन? पण ओरडायलाच हवं होतं का? जवळ बसून सांगता आलं नसतं? एखाद्याला विचारता आलं नसतं, बाबा रे, तुला यात काय दिसतं? मी कविता म्हटल्या त्या मडक्यांपुढे. मुलं आत आली की गप्प व्हायचो, आणि मग ओरडायचो.

म्हणून बाईसाहेब, हात जोडून विनंती, तेवढं वाक्य गाळून मानपत्र पुन्हा लिहून द्याल? ते मी घरात लावणार, आणि घरात एक वाचणारी आहे.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, त्याचे आभार मानायला माझे शब्द थिटे आहेत. निरोपाच्या प्रसंगी गोड बोलावं, ते मला जमलं नाही. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, मानपान चुकला असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला, आणि…

मामा, दारात कोण आहे? शेजारच्या मावशी? आणि त्यांच्या मागे… अहो, अडवू नका तिला! येऊ द्या.

ये बाळ. पुढे खुर्ची आहे तुझी. … नको? बरं. बरं, तू तिथेच थांब.

अध्यक्ष महोदया, मला खाली उतरू द्या. मीच जातो तिच्याकडे.