पडद्यावरलं डुक्कर

(आळंदच्या अलीकडचा माळ. थंडीतली सकाळ, साडेआठचा सुमार. एका धोंड्याआड तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा, जवळ गुंडेराव अन् लग्नाचे फोटो काढणारा रत्नपाल. खाली गुंडेरावाचं तुरीचं रान. तिथं बांधाला बंदूक घेऊन बसलेल्या सिद्धप्पाचा आवाज गुंडेरावाच्या फोनमधून येतोय.)

गुंडेराव : अण्णा, तुमची ती दुर्बीण नातवाला खेळायला द्या आता. एका डोळ्यानं बुरशी दिसतीय अन् दुसऱ्या डोळ्यानं कायबी न्हाई. ह्यात बगा म्हनलं! अरारारा! रत्नपाल, लिंबाखाली ह्यो गुरुबसव हाय का रं?

रत्नपाल : काका, डुक्कर बघायचंय. माणसं न्हाई.

गुंडेराव : बायकोला सांगून गेलाय, कलबुर्गीला कोर्टात तारीख हाय म्हनून. अन् बेटा हितं घोरायलाय! मिशीवरली माशीबी दिसायलीय. किती पट म्हनलास झूम?

रत्नपाल : साठ. लग्नात मागच्या रांगेतनं नवरीची नथ टिपतो मी ह्याच्यानं. जपून हात लावा, परवा राजेश्वर गावात हळदीच्या फोटोंची ऑर्डर हाय.

सिद्धप्पा : गुंडू. मी हितं गुडघं मोडून बसलोय तासभर. अन् तू गावाच्या भानगडी बघायलास?

गुंडेराव : मशीन तपासायलो अण्णा. नवं हाय.

सिद्धप्पा : जंगलखात्याच्या परवानगीच्या कागदावर काय लिवलंय ध्यानात हाय नव्हं? फकस्त डुक्कर. हरणाला लागलं तर बंदूकबी गेली अन् मीबी गेलो. हितून मला नुसतं तुरीचं शेंडं दिसतेत. तू ‘हाय’ म्हनलास तर हाय. तू ‘न्हाई’ म्हनलास तर न्हाई.

गुंडेराव : माझी अर्धी तूर लोळवलीय त्यानं. मी खोटं कामून सांगीन?

सिद्धप्पा : सवय म्हनून.

रत्नपाल : हे बाकी खरं.

सिद्धप्पा : गावात सगळ्यास्नी सांगितलास ना, आज ह्या रानाकडं फिरकू नका म्हनून?

गुंडेराव : घरोघर फिरलो काल. मेंढरंवाल्यालाबी सांगितलो. गुरुबसवाच्या बायकोनं तर चहा पाजला.

रत्नपाल : काका, सरका! बोरीच्या बुडाला... काळं काहीतरी... डुक्करच! नर हाय, सुळे बघा!

गुंडेराव : आई शप्पत! केवढं धूड रं! म्हशीचं रेडकू दिसायलंय.

सिद्धप्पा : काय करायलंय?

रत्नपाल : उकरायलंय, अप्पा. एक मिनिट, फोटो घेतो. कागदासोबत फोटो जोडा म्हनलेत ना. ...आला. बघू... लई शार्प आलाय! अन् ह्यो फोन आताच वाजायचा व्हता! नवरीचा बाप हाय. मी त्या पल्याडच्या धोंड्यामागं जाऊन बोलतो, न्हाईतर माझा आवाज अप्पाच्या फोनमधनं ऐकून पळंल ते. काका, बघत ऱ्हावा. कशाला हात लावू नका.

गुंडेराव : जा जा. ...हात न लावता कसं बघू? हे असं फिरवलं की... आलं बगा जवळ! अण्णा, अख्खं थोबाड दिसायलंय. हुबेहूब माझा सासरा!

सिद्धप्पा : हळू बोल. मी चार पावलं सरकतो. बंदुकीच्या रेषेत येईना ते. हलायलंय का?

गुंडेराव : जागचं हलंना. फोटोला उभारल्यागत उभारलंय.

सिद्धप्पा : उकरायलंय म्हनला की पोरगा.

गुंडेराव : पोट भरलं आसंल. दम खायलंय.

सिद्धप्पा : ...आलो मी बोरीच्या समोर. पर हितं तुरी हलायल्यात, गुंडू.

गुंडेराव : वारा आसंल.

सिद्धप्पा : वारा न्हाई.

गुंडेराव : मग शेपूट हालवत आसंल. शेपूट मला दिसंना, तोंड दिसायलंय. डोळ्याच्या खाली चिखल लागलाय, तेबी दिसायलाय. आणखी काय सांगू, त्याचं आधार कार्ड?

सिद्धप्पा : काळं दिसायलंय आता. जरा जरा. वाकलेलं. पक्कं का?

गुंडेराव : पक्कं.

सिद्धप्पा : मस्करी न्हाई?

गुंडेराव : माझ्या तुरीची आण. डुक्कर हाय, बोरीच्या बुडाला हाय. हाना!

...

गुंडेराव : अण्णा?

...

गुंडेराव : हाना की! आधी हळदकुंकू लावताव का त्याला?

सिद्धप्पा : थांब.

गुंडेराव : आता कामून?

सिद्धप्पा : थांब म्हनलो नव्हं. गप सुम्ने बस.

रत्नपाल : झालं का, काका? बार काय ऐकू आला न्हाई.

गुंडेराव : अण्णा लाडानं बघायलेत त्याच्याकडं. अन् तेबी पुतळ्यागत उभंय. ये, तूच बग.

रत्नपाल : पुतळ्यागत? ...काका, हे कवापासनं बघायलाव तुम्ही?

गुंडेराव : तू गेल्यापासनं.

रत्नपाल : काका, ह्यो फोटो हाय.

गुंडेराव : कसला फोटो?

रत्नपाल : मी काढलेला! कोपऱ्यात वेळ बघा. आठ एकतीस. आता आठ अडतीस झालेत. सात मिनिटं तुम्ही फोटो बघायलाव!

गुंडेराव : जा बे. मी बारीक-मोठं केलो की त्याला. जवळ येतंय, लांब जातंय.

रत्नपाल : फोटोबी मोठा व्हतो, काका! सरका, सरका... हे बटण... हं. आता हे खरं. आत्ताचं. ...डुक्कर न्हाई तिथं.

गुंडेराव : न्हाई? मग अण्णाला काळं काय दिसायलंय?

रत्नपाल : बाई हाय कोणतरी. काळी शाल घेतलीय डोक्यावरनं. वाकून बोरं येचायलीय.

गुंडेराव : जवळ कर. ...आजून जवळ. ...रत्नपाल, ती शाल माझी हाय.

रत्नपाल : राजूकाकू?

गुंडेराव : अण्णा! हानू नका! बंदूक खाली करा! राजू हाय तिथं, माझी राजू!

सिद्धप्पा : हं.

गुंडेराव : हं काय? बंदूक खाली ठिवा!

सिद्धप्पा : मागच्या अमावास्येला ‘अण्णा, पायाखाली नाग’ म्हनून वरडलास. मी धोतरासगट कॅनॉलात पडलो. आळंदच्या बाजारापतूर लोक हासले मला. आता मी परत नेम धरलोय. मदे बोलू नको.

गुंडेराव : ते खोटं व्हतं! हे खरं हाय, आईची आण!

सिद्धप्पा : तवाबी आईचीच आण घेतलास.

गुंडेराव : तुमच्या पाया पडतो, अण्णा.

सिद्धप्पा : सगळ्या गावाला सांगितलास, हिकडं येऊ नका म्हनून. मग तुझी बायको कशी यील?

गुंडेराव : तिला सांगितलो न्हाई.

सिद्धप्पा : कामून?

गुंडेराव : बोलंना ती माझ्यासंगं. चार दिवस झाले. तिच्या भावाला आवाज बदलून फोन केलो मी, तुला लॉटरीत मोटारसायकल लागली म्हनून. त्यानं गल्लीत पेढे वाटले. तवापासनं तिनं तोंड फिरवलंय. मग मीबी बोललो न्हाई. घरोघर सांगितलो अण्णा, माझंच घर ऱ्हायलं.

सिद्धप्पा : गोष्ट बरी रचलास. मेव्हणाबी आणलास.

गुंडेराव : रचलो न्हाई वो! रत्नपाल, तिला फोन लाव! न्हाई, तिचा फोन घरी चार्जिंगला आसतो... राजूऽऽ! ए राजूऽऽ!

रत्नपाल : हितून तिला ऐकू येत न्हाई, काका. तुमचा फोन द्या. द्या हिकडं! सिद्धप्पाअप्पा, मी रत्नपाल बोलतोय.

सिद्धप्पा : बोल.

रत्नपाल : राजूकाकू हाईत तिथं. मी बघायलोय.

सिद्धप्पा : आत्ता बघायलास?

रत्नपाल : आत्ता.

सिद्धप्पा : ...बंदूक मदी मोडली, काडतूस काढलो. खाली ठिवलो.

रत्नपाल : ठिवली, काका! ठिवली म्हनलेत! ...काका? बसा हितं. धोंड्याला टेका. पाणी घ्या.

गुंडेराव : मी एवढं बोंबललो. अन् तू एकडाव म्हनलास.

रत्नपाल : पाणी घ्या आधी.

राजूबाई : हालो? तुम्ही अन् रत्नपाल हाव म्हनं तिकडं? हे सिद्धप्पाअण्णा बांधावनं हाका मारायलेत. फोन माझ्या हातात दिले अन् मट्कन खाली बसले. काय सोंग लावलाव सकाळच्या पारी?

गुंडेराव : राजू...

राजूबाई : आता कुणाचा आवाज काढायलाव?

गुंडेराव : माझाच हाय.

राजूबाई : माझ्या भावानं ऐकला की तुमचा आवाज. पेढ्याचा खोका अजून फडताळात हाय त्याच्या. अन् हितं काय चाललंय? बोरीखाली डुकरानं सगळी माती उकरलीय. मला बघून नाकासमोरनं पळालं ते, काळीज हातात आलं माझं. माणूस आपल्या रानात बोरं येचायलाबी यायचं न्हाई का?

गुंडेराव : यायचं. यायचं की. तू... थंडी वाजायलीय का तुला?

राजूबाई : काय?

गुंडेराव : न्हाई, शाल... शाल पुरते का म्हनलो.

राजूबाई : डोस्कं ठिकाणावर हाय ना तुमचं? रत्नपाल, ह्यास्नी उन्हात बसवू नको बाबा. मी जायली घरला. घ्या अण्णा, तुमचा फोन.

गुंडेराव : गेली?

रत्नपाल : दिसायल्यात मला. पायवाटेला लागल्या. ओटीत बोरं धरून चालल्यात.

गुंडेराव : फोटो न्हाई नव्हं?

रत्नपाल : न्हाई काका. चालायल्यात.

सिद्धप्पा : गुंडू.

गुंडेराव : अण्णा! लई उपकार झाले वो. तुम्ही सबुरीनं घेतलाव म्हनून. दुसरा कोणी आसता तर मी ‘हाना’ म्हनल्याबरोबर बार काढला आसता. तुम्ही ‘थांब’ म्हनलाव. लई थोर माणूस.

सिद्धप्पा : ती लांब गेली का बघ आधी.

गुंडेराव : गेली. वगळीचं पाणी वलांडून पल्याड गेली.

सिद्धप्पा : मी थांबलो न्हाई.

गुंडेराव : म्हंजी?

सिद्धप्पा : तू ‘हाना’ म्हनलास. मी घोडा दाबलो.

गुंडेराव : बार कुठं झाला? मी ऐकलो न्हाई.

सिद्धप्पा : टक् झालं. काडतूस फुटलं न्हाई. जुनं व्हतं, सर्दलं आसंल. मी दुसरं घातलो, परत नेम धरलो. तवर तुझा वरडा चालू झाला.

गुंडेराव : अण्णा. नागाचा बदला घ्यायलाव ना? घ्या. बरोबर हाय तुमचं. मी चिडत न्हाई. बगा, हासायलोय मी. रत्नपाल, अण्णानं मला फसवलं रं, हास की!

रत्नपाल : काका...

गुंडेराव : मस्करी हाय म्हना की, अण्णा. एकडाव म्हना.

सिद्धप्पा : न फुटलेलं काडतूस माझ्या मुठीत हाय. खाली ये, गुंडू. मला एकट्याला उठता येईना.