आपल्यातलाच ना?

मंगतायारम्मा : या गं, या रे बाळांनो. मागच्यांनी पुढं सरका, पुढच्यांनी मांडी घाला. आईच्या पदराआडून बघणारी ती चिमणी, तूही ये. आज तुम्हाला एका गावाची गोष्ट सांगते. नऊ वेशींचं गाव, कधी न झोपणारं. गंमत अशी, की त्या गावात तुम्ही जन्मापासून राहताय, पण एकदाही...

अझहर : अम्मा, थांबा, थांबा. आवाजात छुमछुम येतंय.

मंगतायारम्मा : माझे घुंगरू आहेत ते. येणारच.

अझहर : पायातनं काढा ना.

मंगतायारम्मा : घुंगरू काढून हरिकथा? उद्या म्हणशील, मीठ काढून लोणचं घाला.

प्रसूना : राहू दे अझहर, मुलांना आवडेल. पिन्नीमावशी, सुरुवात झकास झाली. लहानपणी तेनालीच्या जत्रेत ऐकलेली, अगदी तश्शीच.

मंगतायारम्मा : माझ्या आईची चाल आहे ती बंगारम, माझं सोनं. मुलांना जवळ बोलावण्याची. तिनं मला दिली, मी कुणाला देऊ? शिकायला येतंय कोण! जत्रेत आता ढणाढणा गाणी लावतात. म्हणून तर तुझा फोन आला तशी पहिल्या गाडीनं हैदराबादला आले. देवळात नाही तर नाही, तुझ्या त्या संगणकावरच्या खेळात तरी राहील. पोरं खेळता खेळता ऐकतील. मी गेल्यावरही ऐकतील.

प्रसूना : ऐकतील पिन्नी. पुष्कळ शाळांत जाणार आहे हा खेळ.

मंगतायारम्मा : पण तू पाठवलेले कागद गाडीत दोनदा वाचले, आणि डोक्यात नुसता काला झालाय. ह्यात नायक कोण?

प्रसूना : रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रोगाशी लढतात त्या.

मंगतायारम्मा : किती जणी?

प्रसूना : मोजता यायच्या नाहीत.

मंगतायारम्मा : मग कल्याणम् कुणाचं लावू?

अझहर : कुणाचं काय?

मंगतायारम्मा : लग्न रे! हरिकथा शेवटी लग्नावर यायला हवी. सीतेचं नसेल, रुक्मिणीचं नसेल, तरी कुणाचं तरी लागायला नको?

अझहर : पेशी लग्न नाही करत अम्मा. एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार.

मंगतायारम्मा : लग्नाशिवाय?

अझहर : हौ.

मंगतायारम्मा : गोविंदा, गोविंदा. आणि हे शाळेतल्या पोरांना सांगायचं! बरं, लग्न राहू दे. राक्षस कोण?

प्रसूना : जंतू.

मंगतायारम्मा : त्यानं त्या चित्रातल्या पोरीला, बुज्जीला, ताप आणला.

प्रसूना : नाही, ताप आपलेच आणतात.

मंगतायारम्मा : म्हणजे? बुज्जीला ताप बुज्जीचेच लोक आणतात?

प्रसूना : गाव तापलं की जंतू ढिले पडतात, म्हणून.

मंगतायारम्मा : हां, हनुमंतानं लंका जाळली तसं.

प्रसूना : तस्संच. म्हणजे... नाही. लंका परक्याची होती. हे म्हणजे अयोध्येतच जराशी आग लावायची. पण बेताची.

मंगतायारम्मा : बेताची आग! तुला तरी कळलंय का गं हे?

प्रसूना : काल कळलं होतं.

अझहर : मला काल पण नव्हतं कळलं. मी आपला बुज्जी का मरते ते शोधत बसलोय.

मंगतायारम्मा : बुज्जी मरते? माझ्या कागदात तर ती बरी होऊन दहीभात खाते.

प्रसूना : कागदात बरी होते. खेळात मरते. एका शाळेत खेळायला देऊन पाहिला. सगळा खेळ बुज्जीच्याच अंगात चालतो. तिसरा टप्पा तिच्या पोटातला. तिथं सगळी मुलं जिंकली, आणि बुज्जी मेली.

अझहर : शत्रू एक उरला नाही, गुण पुरे, अन् पोरगी आडवी! एक मुलगी रडायला लागली की हो. म्हणे, "माझं काहीच चुकलं नाही, तरी कशी मेली?" काय सांगू तिला? मी प्रोग्रामची ओळ अन् ओळ तपासली. चूक सापडत नाही.

प्रसूना : सापडेल. आपण तोवर वेशीवरची वाक्यं घेऊ. पिन्नी, खेळणारं मूल म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. समोर जो येईल त्याला ते एक प्रश्न विचारतं. तो प्रश्न तुमच्या आवाजात हवा, जरा दरडावून. हे बघा, या पानावर.

मंगतायारम्मा : चष्मा कुठं गेला... हां. म्हणू?

अझहर : म्हणा, चालू केलंय.

मंगतायारम्मा : "थांब! कोण तू? आपल्या..."

अझहर : अम्मा? माझ्याकडंच आवाज तुटला की काय?

मंगतायारम्मा : नाही रे नायना, बाळा. मीच थांबले. पुढचं पान घ्या.

प्रसूना : घसा बसला का? गरम पाणी देऊ?

मंगतायारम्मा : घसा चांगला आहे. हे वाक्य मी म्हणणार नाही.

प्रसूना : "आपल्यातलाच ना?" एवढंच तर आहे.

मंगतायारम्मा : एवढंच आहे.

प्रसूना : डॉक्टरांच्या पुस्तकात 'स्व' आणि 'पर' होतं. मुलांना ते काय कळणार? म्हणून मी आपल्या बोलण्यातलं घेतलं. आपल्याकडं विचारतातच ना असं.

मंगतायारम्मा : विचारतात. म्हणूनच.

अझहर : विचारतात तर! मला घर भाड्यानं देताना विचारतात. नाव सांगितलं की चहासुद्धा नक्को.

प्रसूना : अझहर, मी त्या अर्थानं नाही रे लिहिलं.

अझहर : मी कुठं म्हटलं? तू तर रोज चहा पाजतेस. गोड कमी, पण पाजतेस.

मंगतायारम्मा : तुला कुणी विचारलं का गं कधी असं?

प्रसूना : विचारतात की. लग्नाकार्यात. मी हो म्हणते.

मंगतायारम्मा : मग?

प्रसूना : मग... जेवायला बसवतात.

मंगतायारम्मा : हं.

प्रसूना : पिन्नी, कसं सांगू तुम्हाला. खेळ आज संध्याकाळी द्यायचाय. तुम्ही हे वाक्य म्हणाला नाहीत, तर वरचे लोक यंत्राचा आवाज घालणार. आणि मग तो एका वाक्यापुरता नाही, सगळीकडं तोच. तुमची ती सुरुवातही जाईल.

मंगतायारम्मा : आईची चाल?

प्रसूना : तीसुद्धा.

मंगतायारम्मा : ...घाला यंत्राचा.

प्रसूना : अहो, पण तुम्ही त्यासाठीच तर आलात!

मंगतायारम्मा : त्यासाठीच आले. आता सांगून ठेवते, म्हणजे तुला वाटायला नको की म्हातारी उगीच अडून बसली. माझ्यामागं मृदंगावर देवदानम असायचा. त्याचे वडील मृदंगाची वादी ताणायचे, कातडं चढवायचे. पोरगा वाजवायलाच शिकला. रविवारी चर्चमध्ये, बाकी दिवस माझ्याबरोबर सीता-रामाच्या कथेत. त्याच्यासारखा ठेका मी पुन्हा ऐकला नाही. एका गावात देवळात कथा होती. वेशीवर नाही, देवळाच्याच दारावर एकानं हात आडवा धरला आणि विचारलं, "आपल्यातलाच ना?"

अझहर : काय म्हणाला तो?

मंगतायारम्मा : आता नाव देवदानम. तुम्हीच सांगा, काय कळणार त्यावरून? नुसतं "हो" म्हटलं असतं तरी खपलं असतं. मी डोळ्यांनी खुणावतेय, हो म्हण बाबा, हो म्हण. तो म्हणाला, "ठेका द्यायला आलोय."

प्रसूना : विचारलं काय, आणि सांगितलं काय!

मंगतायारम्मा : तेच त्या माणसाला कळेना. त्यानं पुन्हा विचारलं, ह्यानं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्याला बाहेर ठेवलं आणि मला आत नेलं.

अझहर : मग कथा?

मंगतायारम्मा : कथा काय होणार! पहिल्याच पदाला माझा पाय अडखळला. ठेका नाही तर पाय टाकू कुठं? लोक खाकरायला लागले, पोरं उठून पळायला लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडनं मृदंग. बाहेर धुळीत बसून तो माझ्या घुंगरांचा कानोसा घेत वाजवत होता. लोक विचारायला लागले, वाजतंय कुठं? मी म्हटलं, वैकुंठात!

प्रसूना : आणि आता ते...

मंगतायारम्मा : गेला गं. संक्रांतीच्या आधी. आता सांग, त्याला अडवणारं वाक्य ह्याच तोंडानं पोरांना कसं शिकवू? त्यापेक्षा आईची चाल गेली तरी चालेल. आईही हेच म्हणाली असती. काय रे, तू असा का बघतोयस?

अझहर : अम्मा, त्याला बाहेर ठेवलं, अन् कथा कोसळायला लागली.

मंगतायारम्मा : तेच तर सांगतेय मघापासून.

अझहर : शत्रू कुणी आत नव्हता. तरी कथा कोसळली. प्रसूना, तिसऱ्या टप्प्यात, पोटात, ती हिरव्या पागोट्यांची छोटी छोटी माणसं कोण आहेत? तूच काढलीस ना?

प्रसूना : ती होय? दह्यातले जंतू. चांगले असतात ते, अन्न पचवायला मदत करतात. डॉक्टर म्हणाले काढ, म्हणून काढले. नुसते शोभेला.

अझहर : आणि वेशीवरच्या प्रश्नाला ते काय उत्तर देतात?

प्रसूना : ते... आपल्यातले नाहीत. म्हणजे "नाही" म्हणत असतील.

अझहर : अन् "नाही" म्हटलं की?

प्रसूना : अगं बाई.

अझहर : पोरं शहाणी आहेत, शोधून शोधून मारतात! बुज्जीचा एकेक पचवणारा मारून टाकतात, मग तिला दहीभात चालत नाही, मग मरते. चूक माझ्या ओळींत नव्हतीच. प्रश्नात होती.

मंगतायारम्मा : थांबा, थांबा. दह्यात जंतू? मी रोज ताक पिते ते?

प्रसूना : हो पिन्नी. ते बाहेरचे, तरी आत हवेतच. आणि उलटही असतं. आपल्यातलीच एखादी पेशी बिघडते, तिच्या पोटात जंतू लपून बसतो. ती वेशीवर काय सांगेल?

अझहर : "आपल्यातलीच." अन् सुटेल!

मंगतायारम्मा : म्हणजे बाहेरचा कामाचा, आणि घरचा बिघडलेला. मग ओळखायचं कसं गं? मला तर आता काहीच कळेनासं झालं.

प्रसूना : मलाही. थांबा, डॉक्टर बोलले होते काहीतरी. पेशी नुसतं कोण आहे ते बघत नाहीत, कुठं मोडतोड होतेय का त्याचाही माग घेतात. मी ते पानाच्या तळाला लिहून ठेवलं आणि विसरले. मुलांना अवघड जाईल म्हणून.

अझहर : मग विचारायचं तरी काय? लवकर सांगा, संध्याकाळ व्हायला आली.

मंगतायारम्मा : देवदानमनं उत्तर दिलंय की.

प्रसूना : कशाचं?

मंगतायारम्मा : कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं. "ठेका द्यायला आलोय." मग विचारा ना तेच. आमच्या घरी ओट्यावर कुणी आलं की आई आधी पाणी द्यायची, मग विचारायची, "काय काम काढलंत?"

अझहर : आणि जंतू खोटं बोलला तर? तो म्हणेल, मी पण ठेका द्यायलाच आलोय.

मंगतायारम्मा : मग म्हणावं, हात दाखव. ठेका देणाऱ्याच्या बोटांना घट्टे असतात. चोराच्या हातात काय असेल ते दिसेलच.

प्रसूना : "काय काम काढलंस? हात दाखव." अझहर, होईल?

अझहर : हौ, होईल. हिरव्या पागोट्यांच्या हातात दह्याचं मडकं देतो, जंतूच्या हातात पहार. आणि बिघडलेली आपली पेशी हात मागं लपवेल. मुलांना शोधू दे. अम्मा, म्हणाल ना हे?

मंगतायारम्मा : हे कितीदाही म्हणेन. दरडावू?

प्रसूना : नको. पाणी देऊन विचारल्यासारखं.

(प्रश्न ध्वनिमुद्रित होतो. अझहर खेळात बदल करून तिसरा टप्पा पुन्हा चालवून बघतो. तिघंही पडद्यासमोर वाकून.)

अझहर : खातेय! दहीभात खातेय!

मंगतायारम्मा : जिवंत आहे ना? नीट बघ.

प्रसूना : जिवंत आहे पिन्नी. हसतेय.

मंगतायारम्मा : गोविंदा! मग कल्याण झालंच म्हणायचं की बुज्जीचं. लग्नाचं नसेल, दुसरं.

प्रसूना : आता शेवटचं पान. लढाई संपली की काही पेशी मागं राहतात. शत्रू कसा होता ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. तो पुन्हा आला की ओळखतात. स्मरणाच्या पेशी.

मंगतायारम्मा : फक्त शत्रूलाच लक्षात ठेवतात?

प्रसूना : हो. म्हणजे... बहुतेक.

मंगतायारम्मा : आणि ज्यानं मदत केली, त्याला कोण लक्षात ठेवतं?

प्रसूना : ते पुस्तकात नव्हतं. डॉक्टरांना विचारावं लागेल.

मंगतायारम्मा : विचार. मी तोवर शेवट म्हणते. कागदात आहे तस्सा नाही म्हटला तर चालेल ना?

अझहर : चालेल अम्मा. घुंगरांसकट म्हणा.

मंगतायारम्मा : तर बाळांनो, गाव शांत झालं, ताप उतरला, बुज्जी दहीभात खाऊन झोपली. तुमच्याही अंगात या घडीला कुणीतरी वेशीवर जागं आहे, शत्रूंना लक्षात ठेवायचं काम ते करील. तुम्ही दुसरं एक काम करा. घरी जाताना, खेळताना, जेवताना, कधीतरी, भिंतीपलीकडं धुळीत बसून ज्यानं आमचा ठेका सांभाळला, त्या देवदानमची आठवण ठेवा.