व्रणाची लांबी

तपासणीच्या खोलीबाहेर सहा खुर्च्या होत्या. एकीवर मी, दोनवर मायलेकी, तीन रिकाम्या. मुलीच्या गालावर भाजल्याचा व्रण होता आणि मांडीवर लाँड्रीचा छापील अर्ज.

"काय गं, त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय?"

"विद्रूप झालेली. व्रण पाच सेंटिमीटरच्या वर असेल तरच."

"जीभ झडो त्यांची! माझी पोर विद्रूप?"

"आई, हळू. डॉक्टरांनी तसं लिहिलं तरच दुसरं काम देणार आहेत. नाहीतर सोमवारपासून पुन्हा त्याच वाफेच्या इस्त्रीवर. तिची झडप अजून गळतेच आहे."

"भाजलं तेव्हा साडेसहा होता ना?"

"होता. मग तू तीन महिने सकाळ-संध्याकाळ मलम चोळलंस."

"आईने चोळायचं नाही तर कुणी?"

"मी काही म्हटलं का?"

"आत गेल्यावर गाल जरा फुगवून धर."

"फुगा आहे का मी?"

नाव पुकारलं गेलं. दोघी आत गेल्या. दार उघडंच राहिलं. डॉक्टरांनी गालावर पट्टी धरली, मग पुन्हा एकदा धरली.

"लिहा, चार पूर्णांक आठ."