उपरण्याखालचा आकडा

(घोडेगावातली एका बँकेची शाखा, दुपार. शिंगणापूरचे रंगनाथ, पुण्याहून नुकतीच एसटीतून उतरलेली त्यांची मुलगी स्नेहल, आणि टेबलापलीकडे अधिकारी सुनील.)

रंगनाथ : न्हाई सांगनार. त्या भिंतीवरचा बोर्ड तुमीच लावलाय ना? कुनी काय इचारलं तरी सांगू नका म्हनून?

सुनील : काका, तो ओटीपीचा बोर्ड आहे. पिन, पासवर्ड, ओटीपी. ते आम्हीसुद्धा कधी विचारणार नाही. मी विचारतोय ते वेगळं, या केवायसीच्या फॉर्मसाठी. व्यवसाय काय, वर्षाचं उत्पन्न किती, आणि हे एवढे पैसे आले कुठून.

रंगनाथ : आमच्या शिंगणापुरात घराला दार न्हाई. तरी कुनी आत येऊन इचारत न्हाई, डब्यात काय हाय म्हनून.

स्नेहल : अप्पा, थांबा जरा. साहेब, मला खरंच समजून घ्यायचंय. कर्ज मागितलं असतं तर गोष्ट वेगळी. हे साधं बचत खातं आहे. पैसे त्यांचे, ठेवायला तेच आले. मग ठेवणाऱ्याला कशाला विचारायचं?

सुनील : मॅडम, यावरून रोज भांडणं होतात, पण असं विचारत कोणी नाही. हे बघा, मला खातं ओळखीचं असायला लागतं. त्याची रोजची चाल माहीत असली, तर बिघडलेली कळते. मागे एका आजींच्या खात्यात कुठूनतरी चार लाख आले आणि तासाभरात गेलेसुद्धा. आजींना पत्ता नाही. नातवाच्या मित्रानं खातं वापरायला घेतलं होतं. आजींनी फॉर्मवर शेतमजुरी लिहिली होती, म्हणून तर आम्हाला शंका आली.

रंगनाथ : म्हंजे मी चोर.

सुनील : चोरानं तुमचं नाव वापरू नये म्हणून, काका.

रंगनाथ : डेरीतला छगनबी तेच करतो. चार लिटरवाल्यानं बारा लिटर आनलं की म्हनतो, कुनाचं रं हे?

स्नेहल : मग पटलं ना?

रंगनाथ : छगन गावचा हाय.

सुनील : तुमचंच खातं घ्या. अकरा वर्षं दर दहा दिवसांनी दुधाचा पगार जमा. लॉकडाऊनमध्येसुद्धा चुकला नाही. गेल्या महिन्यात मात्र दोन पगार आलेच नाहीत, आणि एक दिवस एकदम एक लाख तीस हजार रोख. आता मी विचारू नको?

स्नेहल : दोन पगार आले नाहीत?

रंगनाथ : डेरीनंच उशीर केला आसंल.

सुनील : बाकीच्यांचे आले, काका.

स्नेहल : अप्पा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, मैनेनं आज दूध कमी दिलं.

रंगनाथ : म्हनलो आसंल.

स्नेहल : आणि मी उतरल्या उतरल्या म्हणालात, आधी बँकेत चल, घरी मागनं जाऊ.

रंगनाथ : साहेब, फॉर्म घरी न्हेऊन भरला तर चालंल का?

सुनील : केवायसीची मुदत आज संपते. उद्यापासून खात्यातून पैसे काढता येणार नाहीत.

स्नेहल : अप्पा, गोठा रिकामा आहे का?

रंगनाथ : लिवा, साहेब. म्हशी इकल्या. दोन. हितल्याच शुक्रवारच्या बाजारात. ही घ्या पावती.

स्नेहल : आईच्या म्हशी.

रंगनाथ : व्हय.

स्नेहल : बँकेला माझ्याआधी कळलं.

रंगनाथ : बँकंनं इचारलं.

स्नेहल : मीही विचारत होतेच की. रोज.

रंगनाथ : तू इचारायचीस म्हशी कशा हायत. आई गेल्यापसनं तीन महिनं, रोज. म्हशी कशा हायत, मैना वैरन खाती का. मी काय सांगनार? बऱ्या हायत म्हनायचो.

स्नेहल : मला वाटायचं, तेवढं बोलणं तुम्हाला सोपं जात असेल.

रंगनाथ : मलाबी तुझ्याबद्दल तसंच वाटायचं.

सुनील : मी चहा सांगतो.

रंगनाथ : नगं. शुगर हाय.

स्नेहल : बिनसाखरेचा सांगा. अप्पा, का विकल्या?

रंगनाथ : दुसरीचं काय न्हाई, ती कुनालाबी दूध द्यायची. मैना मला पान्हवंना. तुझ्या आईचं लुगडं गुंडाळून बसायचो धार काढाया. पंधरा दिस फसली. मग लुगड्याचा वास गेला.

स्नेहल : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

रंगनाथ : लुगडं नेसून बसतो, हे फोनवर सांगायचं व्हय?

सुनील : कोणाला दिली हो, काका? हे फॉर्मवर नाही. असंच विचारतोय.

रंगनाथ : कर्जतकडच्या एकाला. त्याला म्या लई खोदून इचारलं. घरात बाईमानूस कोन, धार कोन काढनार, पानी हिरीचं का टँकरचं, आदीची म्हैस का इकली. वैतागला गडी. म्हनला, म्हातारबा, म्हैस इकताय का लेक देताय?

सुनील : मग उठून गेला असेल.

रंगनाथ : न्हाई. सगळं सांगितलं त्यानं. इचारनाऱ्याचं तोंड बघून सांगतं मानूस. आता तुमीबी तसंच इचारताय म्हना.

सुनील : थोडंफार तसंच.

स्नेहल : मैना कितीला दिलीत?

रंगनाथ : ते हितं न्हाई.

सुनील : मला एकूण रक्कम पुरे. एकेकीचा भाव नको.

स्नेहल : मला हवाय.

रंगनाथ : बाजारात म्हशीचा भाव तोंडानं बोलत न्हाईत, तुला ठाव हाय. उपरनं टाकायचं, खाली बोटं धरायची. देनाऱ्याला कळतं, घेनाऱ्याला कळतं, बाजाराला न्हाई.

स्नेहल : मला ठाऊक आहे. ओट्यावर बसून तुम्हीच शिकवलंत. आई ओरडायची, पोरीला व्यापारी करताय का म्हणून. टाका उपरणं.

रंगनाथ : हितं? ब्यांकंत?

सुनील : टाका, काका. मला पुढचं पान शोधायचंय, माझं लक्ष नाही.

रंगनाथ : दे हात.

स्नेहल : अप्पा, पुन्हा धरा. माझी चूक होतेय.

रंगनाथ : न्हाई चुकली.

स्नेहल : एवढ्याला? निम्मासुद्धा भाव नाही.

रंगनाथ : हळू. भाईर व्यापारी उभं हायत, मला हसत्याल. त्याची बायकू आली हुती संगं. तिनं मैनेच्या कासंला हात लावला आन मैना हालली न्हाई. उभी ऱ्हायली. मग मला पुढं ताणताच आलं न्हाई.

सुनील : काका, आधीच्या फॉर्मवर व्यवसाय 'शेती व दुग्धव्यवसाय' आहे. त्यातला दुग्धव्यवसाय काढावा लागेल.

रंगनाथ : काडा.

सुनील : कोण आहेत घरात सध्या?

रंगनाथ : हेबी फॉर्मवर हाय?

सुनील : नाही.

रंगनाथ : मी एकटाच.

स्नेहल : अप्पा, आकडा कळला मला. हात सोडा.

रंगनाथ : ऱ्हाऊ दे जरा. साहेब, तुमी इचारा पुढचं.