सुभ्यांच्या बंगल्यातली तुळस

चहा घेता घेता ऐका. संस्थानी काळी प्रांताचा कारभार पाहणाऱ्या सुभ्यांचा आपल्या बडोद्यातला बंगला पुढे सरकारी अधिकाऱ्यांकडे गेला. आमच्या सौभाग्यवतींचे आजोबा तिथले सुभे. अंगणातले तुळशीवृंदावन हिच्या आजीने बांधवलेले. नव्वदच्या दशकात तिथे राहायला आलेल्या गुजराती साहेबांनी नवी मोटार घेतली आणि गॅरेजसाठी वृंदावन काढायचे ठरवले. हे कानी येताच ही मला घेऊन तिथे गेली.

साहेब मोठे सज्जन. म्हणाले, "काका, तुळस तुमच्या समा भागातल्या घरी घेऊन जा ने!"

ही म्हणाली, "नेऊ की. पण भाई, कुमारी मुलीला अशी घराबाहेर काढतात का? आधी लग्न लावून द्या."

कार्तिकात आम्ही देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ताम्हनात घेऊन वऱ्हाडी झालो. मंगलाष्टके मी म्हटली, कन्यादान साहेबांनी केले.

"आता पाठवणी करा," मी म्हणालो.

साहेबांनी डोळे पुसले, मोटारीकडे पाहिले आणि म्हणाले, "दीकरी क्यांय नहीं जाय! जमाईराजांना इथेच राहू द्या. गाडी बाहेर उभी राहील."

ही प्रसन्न हसली. आम्ही मात्र रिकामे ताम्हन घेऊन घरी परतलो. आमचा बाळकृष्ण घरजावई झाला होता.