डोहातला देव

निजाम सरकारचा जुन्या मूर्ती तपासणारा साहेब उद्या येणार होता. त्याच्या कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन कारकून वाहेद आजच गोदावरीच्या नावेत बसला होता. समोर तुळजाबाई आणि सिरसाळ्याहून आलेली तिची बहीण बोलत होत्या.

"अक्का, तुमच्या गावाला साहेब कावून येतोय?"

"आमचा देव बघायला. लई जुना हाय म्हणून कुणीतरी हैदराबादेला कळवलं."

"पर त्याला तर नाकच न्हाई, हात बी मोडका."

"म्हणून तर पाटलाला लाज वाटली. भंगलेला देव सरकारी माणसाला दावायचा व्हय? वाजतगाजत आणला आन् नदीत सोडला."

"मग आता देवळात?"

"पाथरवटाकडून नवाकोरा घडवून बशिवलाय. नाक कसं, चाफेकळीवानी! साहेब खूश हुतोय बघ."

"आन् जुना कुठं सोडला?"

"हितंच, ह्याच डोहात. लई खोल हाय. आता न्हाई कुणाच्या नदरंला पडायचा."

वाहेद नावेच्या काठावरून ओणवा होऊन पाण्यात बघू लागला.

"का वो मियाँभाई," तुळजाबाईनं मायेनं विचारलं, "तुमचं काय पडलं का?"